दहा कुमारींचा दाखला: गर्व, तयारी आणि भांड्यातलं तेल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरमधल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांत शास्त्र मराठीतून वाचलं जातं आणि रविवारची उपासना हिंदीतून होते. त्यामुळे येशूने सांगितलेल्या या दाखल्याबद्दलचे, म्हणजे बोधकथेबद्दलचे, काही प्रश्न इथे खास उठतात, बाकीचे सगळीकडचेच आहेत. अभ्यासवर्ग घेणारे, संडे स्कूलचे शिक्षक आणि घरी मुलांना शिकवणारे पालक यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

हा दाखला कुठे आहे आणि त्यात घडतं काय?

मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय २५, वचनं १ ते १३. दहा कुमारी दिवे घेऊन वराला सामोऱ्या जायला निघतात. पाच शहाण्या जणींनी दिव्याबरोबर वेगळ्या भांड्यात तेल घेतलेलं असतं, पाच मूर्ख जणींनी नसतं. वराला उशीर होतो, दहाही जणी झोपी जातात. मध्यरात्री हाक येते. दिवे नीट करताना पाच जणींच्या लक्षात येतं की आपले दिवे विझत चालले आहेत. त्या तेल मागतात, मिळत नाही, म्हणून विकत आणायला जातात. तेवढ्यात वर येतो आणि दार बंद होतं. मागाहून आलेल्या पाच जणींना आतून उत्तर मिळतं, मी तुम्हाला ओळखत नाही.

यात गर्व कुठे आला? ही तर विसराळूपणाची गोष्ट वाटते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. दाखल्याचा गाभाही इथेच आहे.

या पाच मूर्ख जणी आळशी नव्हत्या. बोलावणं स्वीकारून, दिवा घेऊन, वेळेवर त्या घराबाहेर पडल्या होत्या. चुकलं ते एकाच ठिकाणी. वर आपल्या अंदाजाप्रमाणे येणार, हे त्यांनी गृहीत धरलं. 'जेवढं आहे तेवढं पुरेल' हा हिशेब स्वतःच्या जोरावर केलेला होता. गर्व म्हटला की आपल्याला छाती पुढे काढून चालणारा माणूस दिसतो. शास्त्रातला गर्व पुष्कळदा याहून शांत असतो. आपल्याला आणखी काही लागणार नाही, अशी खात्री असते ती.

आता एक अध्याय मागे जा. २४ व्या अध्यायाच्या शेवटी (वचनं ४५ ते ५१) एक दास आहे. धनी उशिरा येणार असं मनाशी ठरवून तो सोबतीच्या दासांना मारतो आणि दारुड्यांबरोबर खातो-पितो. त्याचा धनी अपेक्षेआधी येतो, या कुमारींचा वर अपेक्षेनंतर. मत्तयाने दोन्ही गोष्टी लागोपाठ ठेवल्या आहेत. अंदाज दोन्हीकडे उलटा असला तरी घमेंड एकच आहे, वेळ आपल्याला कळलेली आहे ही. २४:३६ मध्ये येशूने आधीच सांगून ठेवलं आहे की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही.

उपासनेत हिंदीत 'मशालें' ऐकू येतं, मराठीत 'दिवे' आहे. बरोबर कोणतं?

मूळ ग्रीक शब्द 'लाम्पास'. तो मशालीलाही चालतो आणि दिव्यालाही, म्हणून दोन्ही भाषांतरांना आधार आहे. त्या काळचा घरगुती दिवा म्हणजे तळहातावर मावणारा मातीचा, वरून झाकलेला, तेल ओतायला मध्ये भोक आणि वातीसाठी पुढे चोच असलेला. मिरवणुकीत उघड्यावर न्यायला मशाल अधिक सोयीची. काठीच्या टोकाला तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळायच्या. अशी मशाल पाव तासाच्या आसपास जळते आणि मग पुन्हा तेल पाजावं लागतं, असं काही अभ्यासक सांगतात.

अर्थ दोन्ही वाचनांत तोच राहतो, मशालीने तो जास्त टोकदार होतो. मशाल घेऊन निघालेल्या माणसाने तेलाचं भांडं बरोबर न घेणं म्हणजे तासाभराच्या रस्त्याला पाव तासाची तयारी. वर्गात दोन्ही भाषांतल्या प्रती असतील तर हे वचन दोन्हींतून मोठ्याने वाचून घ्यावं. मुलं आपण होऊन विचारतात.

'सामोऱ्या जाणं' म्हणजे नक्की काय? आणि लग्न रात्री कसं?

आपल्याकडे सीमांतपूजन असतं. वराकडची मंडळी आली की वेशीवर जाऊन त्यांना मानाने आत आणायचं. ग्रीकमधल्या 'अपांतेसिस' या शब्दात नेमका हाच भाव आहे, पुढे होऊन भेटायचं आणि बरोबर घेऊन परतायचं. म्हणजे कुमारी नुसत्या वाट बघत बसलेल्या पाहुण्या नव्हत्या. स्वागत हेच त्यांचं काम होतं आणि त्या कामाला उजेड लागत होता.

मुहूर्त गाठायची सवय असलेल्या मराठी घराला मध्यरात्रीचा वर विचित्र वाटतो. माळव्यातली बारात पाहिलेल्याला मुळीच वाटत नाही. मॅरेज गार्डनच्या दारात वधूकडची माणसं हार घेऊन उभी असतात आणि बारात अजून दोन चौक मागे नाचत असते. त्याच बारातीतलं आणखी एक दृश्य इथे कामी येतं. डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन माणसं दोन्ही बाजूंनी चालतात आणि सगळ्यांच्या तारा मागच्या गाडीवरच्या जनरेटरला जोडलेल्या असतात. सगळ्यांचं लक्ष झुंबरांकडे. जनरेटरमध्ये डिझेल किती आहे हे कोणी पाहत नाही, आणि मग भर रस्त्यात रांगच्या रांग अंधारात जाते. कुमारींच्या भांड्यातलं तेल म्हणजे हे डिझेल. न दिसणारं, मागे राहिलेलं, ज्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही.

वधू कुठे आहे?

बहुतेक हस्तलिखितांत तिचा उल्लेख नाही. काही जुन्या हस्तलिखितांत आणि भाषांतरांत पहिल्या वचनात 'वर आणि वधू' असं आहे. दाखल्याचा रोख वराच्या येण्यावर असल्याने दोन्ही वाचनांत अर्थाला धक्का लागत नाही.

पाच आणि पाच, म्हणजे निम्मी माणसं बाहेर राहणार?

नाही. आकडा टक्केवारीसाठी दिलेला नाही.

शहाण्यासुद्धा झोपल्याच ना? मग त्या शहाण्या कशा?

पाचवं वचन सावकाश वाचा. सगळ्यांना डुलक्या लागल्या आणि सगळ्या झोपी गेल्या. इथे येशू दहा जणींत काहीच फरक करत नाही. म्हणजे शहाण्यांना 'आम्ही जाग्या होतो' असं म्हणायला जागा ठेवलेली नाही. त्यांचंही शरीर थकलं. फरक एवढाच की त्या झोपल्या तेव्हा भांडं भरलेलं होतं.

प्रवचनात आणि वर्गात हे वचन अनेकदा घाईने ओलांडलं जातं, आणि तिथेच दाखला बिघडतो. ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात शहाण्या पाच जणींच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि उरलेल्या पाच जागांवर शेजारी, नातेवाईक, दुसऱ्या मंडळीतली (चर्चमधली) माणसं बसवतो. तसं केलं की आपण या दाखल्यातून निघून दुसऱ्याच एका दाखल्यात, परूश्याच्या बाजूला उभे असतो.

परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्याशी याचा संबंध काय?

लूक १८:९ ते १४. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि दुसरा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा कर गोळा करणारा. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा भाग देतो. यातलं काही खोटं नाही आणि वाईटही नाही. त्याच्याकडे दिवा आहे, चांगला पेटलेला आहे. पण त्याच्या प्रार्थनेत मागणं एकही नाही. सगळं आधीच भरलेलं आहे अशी खात्री असल्यावर माणूस मागणार कशाला? जकातदाराची प्रार्थना ग्रीकमध्ये सहा शब्दांची आहे. मराठीतही ती सहाच शब्दांत बसते: हे देवा, मज पाप्यावर दया कर.

दोन्ही दाखले एकाच बैठकीत घेतले तर सर्वांत चांगलं. आधी कुमारींचा, मग लगेच परूश्याचा. उलट क्रमाने घेतल्यास वर्ग परूश्याला हसून मोकळा होतो आणि कुमारींच्या गोष्टीत पुन्हा शहाण्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

शहाण्यांनी तेल दिलं नाही, हा स्वार्थ नाही का?

हिशेब मांडून बघा. समजा मिरवणूक दोन तासांची आहे आणि पाच जणींकडे प्रत्येकी दोन तासांचं तेल आहे. ते दहा जणींत वाटलं तर प्रत्येकीला एक तास. अर्ध्या वाटेत दहाही दिवे विझतात आणि वर अंधारात चालतो. 'आम्हाला आणि तुम्हाला पुरणार नाही' या त्यांच्या उत्तरात तिरस्कार नाही, मोजमाप आहे.

भाकरी, पैसा, वेळ, अंथरूण-पांघरूण वाटून घ्यायला येशू जागोजागी सांगतो. त्याच २५ व्या अध्यायाचा शेवटचा भाग (वचनं ३१ ते ४६) भुकेल्याला जेवण आणि उघड्याला वस्त्र देण्याबद्दलच आहे. तेव्हा या दाखल्यावरून कंजूषपणा शिकवू नये. इथलं तेल वेगळ्या जातीचं आहे. आईने केलेली क्षमा मुलाच्या खात्यावर जमा होत नाही. आजोबांच्या प्रार्थनेने नातवाला ओढ लागू शकते, पण प्रार्थना करायची त्याची त्यालाच. 'आमच्या घराण्यात तीन पिढ्या पाळक आहेत' हे ऐकायला चांगलं आहे, पण मध्यरात्री त्याने दिवा पेटत नाही.

मग तेल म्हणजे नेमकं काय?

दाखल्यात सांगितलेलं नाही. म्हणून मंडळीच्या इतिहासात वेगवेगळी उत्तरं आली. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप योहान ख्रिसोस्तोम (मृत्यू ४०७) म्हणतो, गरिबांना केलेलं दान आणि दया. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेत तेल म्हणजे विश्वास. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४ ते ४३०) म्हणतो, प्रीती.

गर्वाच्या दृष्टीने ऑगस्टिनचं विवेचन सर्वांत खोल जातं. तो विचारतो, तेल विकणारे कोण? आणि उत्तर देतो, स्तुती करणारे, खुशामत करणारे. मूर्ख कुमारींचा दिवा लोकांच्या वाहवेवर जळत होता. चांगली कामं त्या करत होत्या, पण ती पाहणारं कोणीतरी असेपर्यंतच. मध्यरात्री वाहवा करणारे उरत नाहीत. शहाण्यांचं तेल भांड्यात, म्हणजे आत, सद्सद्विवेकबुद्धीत होतं.

आम्ही वर्गात हेच विवेचन पुढे धरतो, कारण ते मत्तयाच्याच सहाव्या अध्यायाशी जुळतं. तिथे दान उजव्या हाताचं डाव्याला कळू न देता करायचं आहे, प्रार्थना खोलीचं दार लावून, आणि उपास तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून. तिन्ही गोष्टी कोणाच्या नजरेला पडणार नाहीत अशा.

इंदूरची मुलं विचारतात, रात्री सराफ्यात जाऊन तेल का नाही आणलं?

रात्री दीडला सराफ्यात (सोन्याचांदीचा हा बाजार रात्री खाऊगल्ली होतो) गरम जिलबी मिळते, त्या शहरातल्या मुलाला 'मध्यरात्री दुकान बंद' ही अडचण पटतच नाही. त्याला गप्प करू नका, त्याने बरोबर दुखरी जागा पकडली आहे. त्यांना तेल मिळालं नाही असं दाखल्यात कुठेही म्हटलेलं नाही. कदाचित मिळालंही असेल. गेली ती वेळ. तहान लागल्यावर विहीर खणली तर पाणी लागतं, पण तहानलेल्याच्या उपयोगी पडत नाही.

दार बंद करणं, 'ओळखत नाही' म्हणणं फार कठोर नाही का?

कठोर आहे. ते मऊ करून सांगू नये. पण कोणाला म्हटलं आहे ते पाहावं. या बाहेरच्या, अनोळखी मुली नाहीत. 'प्रभूजी, प्रभूजी' म्हणणाऱ्या, निमंत्रण असलेल्या आहेत. मत्तय ७:२१ ते २३ मध्ये हीच हाक आहे, आणि तिथले लोक तर भविष्य सांगितल्याचा, भुतं काढल्याचा पुरावाही देतात. त्यांनाही हेच ऐकावं लागतं. त्याला लागूनच खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्यांची गोष्ट येते. तिथे 'शहाणा' आणि 'मूर्ख' यांसाठी जे ग्रीक शब्द आहेत, 'फ्रोनिमोस' आणि 'मोरोस', तेच इथे कुमारींसाठी वापरले आहेत. मत्तयाच्या लेखी शहाणपण हुशारीत नसतं, ऐकलेलं आचरणात आणण्यात असतं.

या वचनाने दुसऱ्याला घाबरवू नये. 'तुमच्यासाठी दार बंद होईल' असं सांगणारा माणूस स्वतःला दाराच्या आत समजत असतो.

अभिमान आणि गर्व यांत फरक आहे ना?

मराठीत आहे. मुलीच्या निकालाचा अभिमान वाटतो, त्यात कृतज्ञता असते. गर्व, ताठा, अहंकार यांत तुलना येते. सोपी पारख अशी: तेच यश शेजाऱ्याच्या मुलीला मिळालं आणि आपला आनंद कमी झाला, तर तो गर्व होता.

रोजच्या जगण्यात तयारी कशी करायची?

रात्री झोपण्यापूर्वी दहा ते पंधरा मिनिटं. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नातियुस याच्या परंपरेतली पाच टप्प्यांची आत्मपरीक्षा कोणत्याही मंडळीच्या माणसाला जमते. आधी दिवसभराबद्दल आभार. मग प्रकाशासाठी मागणं. नंतर सकाळपासून दिवस क्रमाने आठवायचा. जिथे चुकलं तिथे नाव देऊन क्षमा मागायची. शेवटी उद्यासाठी एक ठराव, एकच.

यात नेहमी बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात. दिवस आठवताना माणूस स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या चुका मोजू लागतो. 'ती असं बोलली म्हणून मी चिडलो' या वाक्यातला पहिला अर्धा भाग गाळून बघावा. उरतं ते कबूल करायचं. दुसरी चूक म्हणजे मोघमपणा. 'मी पापी आहे' म्हणणं सोपं आहे, 'दुपारी वहिनीला सगळ्यांसमोर टाकून बोलले' हे म्हणणं अवघड, आणि कामाचं तेच. आणि ठराव पाच-सहा केले की आठवड्यात सगळे गळतात, म्हणून एक.

आठवड्यातून एक तरी चांगलं काम असं करावं जे घरातल्यांनाही कळणार नाही. कळलं तर वाईट वाटून घेऊ नये, दुसरं करावं. भांडण मिटवायचं असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीपाशी जाण्याआधी मिटवावं. फोन उपासनेनंतर करू म्हटलं की तो राहतोच. कॅथलिक मंडळींनी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, सणाच्या आदल्या दिवशीच्या रांगेवर ढकलू नये. रांग लांब, वेळ थोडा, आणि घाईत फक्त ठरलेली यादी म्हणून होते.

आपण तयार आहोत हे कसं ओळखायचं?

'मी तयार आहे' असं वाटणं ही खूण धरू नये. पाच मूर्ख कुमारींनाही तसंच वाटत होतं. त्यापेक्षा शेवटची क्षमा कधी मागितली ते आठवावं. महिने उलटले असतील तर भांडं हलवून बघायची वेळ झाली.

संडे स्कूलमध्ये पणत्यांचं प्रात्यक्षिक कसं करावं?

दहा मातीच्या पणत्या घ्या. नव्या असतील तर आदल्या दिवशी दोन-तीन तास पाण्यात भिजवून पूर्ण वाळवा. कोरी माती तेल पिऊन टाकते आणि सगळा अंदाज चुकतो. ओलसर राहिली तर वात तडतडते. घरात असेल ते तेल चालतं. प्रत्येक पणतीत अर्धा चहाचा चमचा, म्हणजे साधारण अडीच मिलिलिटर. वाती सारख्या जाडीच्या, तेलात बुडवून घेतलेल्या, टोक ज्वारीच्या दाण्याएवढं बाहेर. जास्त बाहेर काढली तर काजळी धरते आणि तेल लवकर संपतं. पाच पणत्यांशेजारी छोट्या वाटीत दोन-दोन चमचे जादा तेल ठेवा. घरी एकदा घड्याळ लावून पणती किती वेळ जळते ते बघा आणि त्याप्रमाणे तेल कमी-जास्त करा. वर्गाच्या मध्यावर पहिली पणती विझली पाहिजे.

पंखा बंद. पणत्या वाळूच्या ताटात, शेजारी पाण्याची बादली. ओढण्या आणि मोकळे केस मागे बांधायला लावा. जळत्या पणतीत तेल मोठ्या माणसानेच घालायचं, तेही चमच्याने. बाटली ज्योतीजवळ नेऊ नये.

दिवे लागले की त्यांच्याबद्दल बोलू नका, दुसराच धडा घ्या. मुलं विसरतात, दिवे विझू लागतात, कोणीतरी ओरडतं. तिथून दाखला वाचायला सुरुवात करा.

याचं नाटुकलं बसवताना काय सांभाळावं?

भूमिका चिठ्ठ्या टाकून द्या. हुशार, देखण्या, पाळकांच्या मुली शहाण्या आणि उरलेल्या मूर्ख अशी वाटणी झाली, तर मुलं जे शिकतात ते दाखल्याच्या नेमकं उलट असतं. शक्य असेल तर दोन प्रयोग करा आणि दुसऱ्यात भूमिका बदला.

उपासनेत हा दाखला कधी वाचतात?

कॅथलिक पंचांगात तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी, सामान्य काळाच्या ३२ व्या रविवारी. २०२३ मध्ये तो रविवार १२ नोव्हेंबरला आला आणि त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं. २०२६ मध्ये तो ८ नोव्हेंबरला, पुन्हा लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास पणत्यांचे ढीग लागलेले असताना हे वाचन येतं. प्रवचन करणाऱ्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

लग्नातल्या 'सावधान'शी याचा संबंध जोडावा का?

जोडावा. मंगलाष्टकांच्या शेवटी 'शुभमंगल सावधान' म्हणतात ते ऐन आनंदाच्या क्षणी. 'जागृत राहा' हे तेरावं वचनही लग्नाच्याच गोष्टीच्या शेवटी येतं. मराठी कानाला तो शब्द धमकीसारखा लागत नाही, हा मोठा फायदा आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हा दाखला वाचून दाखवावा का?

त्याने स्वतः मागितला तर जरूर. नाहीतर नको. मरणाच्या भीतीत असलेल्या माणसाच्या कानात बंद झालेलं दार तेवढं उरतं. त्याऐवजी लूक १२:३५ ते ३७ वाचावं. तिथेही दिवे पेटलेले आहेत, तिथेही धनी लग्नाहून रात्री उशिरा येतो. पण जागे असलेल्या दासांना तो बसवतो आणि स्वतः कंबर बांधून वाढतो. थकलेल्या माणसाला तेवढंही जड होत असेल तर स्तोत्र २३ पुरे. त्यातलं तेल त्याने बरोबर आणायचं नसतं, ते त्याच्या डोक्यावर ओतलं जातं. आवाज हळू ठेवा, दोन-तीन मिनिटांत थांबा, आणि हात हातात असू द्या.